उमेदवार : वय वर्षे ३, अनुभव शून्य

प्रति,
उमेदवाराचे आई-वडील,
मु. पो. नवेगाव बांध, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

विषय : उमेदवाराच्या शैक्षणिक कारकिर्दीत झालेल्या अक्षम्य दिरंगाईबाबत.

स. न. वि. वि.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपला उमेदवार तीन वर्षांचा झाला, तरी अद्याप एकाही कॉन्व्हेंटच्या पटावर त्याचे नाव नाही. (विदर्भात इंग्रजी पाटी लावलेल्या कुठल्याही बालवर्गाला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असण्याची अट नाही.) शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा टाय लावून पिवळ्या व्हॅनने केजी वनला जातो, पाहुण्यांसमोर ए टू झेड म्हणून दाखवतो. आपला उमेदवार मात्र सकाळी अंगणवाडीत चिंचोक्यांशी खेळतो आणि दुपारी आजोबांच्या मागे बोडीवर (म्हणजे गावतळ्यावर) जातो.

चौकशीअंती पुढील गोष्टी निष्पन्न झाल्या. उमेदवार चिंचोक्यांचे ढीग करतो; अख्खे एकीकडे, फुटके दुसरीकडे. अख्ख्यांतले पाच उचलून समोरच्या मुलीच्या तळहातावर ठेवतो. ती दोन परत करते, तर तिच्याकडे तीन राहिल्याचे तो न मोजताच सांगतो. मग फुटका चिंचोका मोजायचा की नाही यावरून दोघांचे भांडण होते आणि खिचडीचे ताट समोर येताच ते मिटते. यातले वहीत काहीच उतरलेले नाही. म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही तिथे शिक्षण कसले? शेजारच्या मुलाची चाररेघी वही पाहावी. मुठीत पेन्सिल धरून त्याने पानभर एकच अक्षर गिरवले आहे, शेवटच्या ओळीत कागदही फाटला आहे. याला म्हणतात प्रगती.

या ढिलाईचे मूळ जुने आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि लहान मुलांना मारू नये, घोकायला लावू नये, खेळू द्यावे असे घातक विचार पसरवले. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर या बायांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडेनात, म्हणून बिया, शिंपले, पाने हाताशी घेतली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे राहिले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळा कुरणात गेली. ना प्रवेशअर्ज, ना मुलाखत! असल्या प्रकारांना आळा घालायचा सोडून शासनाने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री दिली.

त्यातून पुढे सरकारी अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्याच वर्षी नवेगावचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाला आणि बालकाला एकाच वर्षी संरक्षण मिळाले म्हणायचे. वाघाची बढती वेळेवर झाली, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अंगणवाडी सेविका मात्र अजून पगारावर नाही, मानधनावर आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा उमेदवार आज जातो त्या अंगणवाडीला टाळे होते. कॉन्व्हेंटवाल्यांना याहून चांगली जाहिरात कोण करून देणार?

शिवाय योजनेत सेवा सहा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सहांतली एक उमेदवाराच्या खेळाची, आणि सगळ्यांत आधी मागे पडते तीच. वजने घ्या, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी चढवा, नेटवर्क नसेल तर रस्त्यावर येऊन चढवा. रोवण्याच्या दिवसांत आई बांधीत भाताचे परे (रोपे) लावत असते, मूल दिवसभर कुणाकडे ठेवायचे हा तिचा खरा प्रश्न असतो. अंगणवाडी दुपारीच सुटते. आई-वडील व्हॅनकडे बघतात ते केवळ हौसेने नव्हे, हे हितचिंतकालाही मान्य करावे लागते.

कायद्याचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाचणी घेण्यास बंदी घातली. पहिल्या चुकीला २५ हजारांपर्यंत दंड. पण कायद्यातले बालक सहा ते चौदा वर्षांचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नर्सरीच्या प्रवेशाबाबत हाच अर्थ लावला. थोडक्यात, संरक्षण मिळण्याइतका उमेदवार अजून मोठा झालेला नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले, खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकवा असे सांगितले. त्याच धोरणाच्या नावाने २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा आली आणि जूनअखेर शासननिर्णय मागे घेतला गेला. घरी झाडीबोली, काही घरी गोंडी बोलणाऱ्या उमेदवाराला यातले काही कळवण्यात आले नाही.

आजोबांबरोबरच्या बोडीवरील फेऱ्यांबाबतही आक्षेप आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात नवेगावचा बांध घातला. ते कोणत्या केजीत होते याची नोंद सापडत नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे आले आणि जंगल समजून घ्यायला माधवराव पाटलांसारख्या गावकऱ्यांच्या मागे फिरले. त्यातून पुस्तके झाली, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चितमपल्लींचे वय तेव्हा तीन नव्हते. उमेदवाराने एवढी घाई करू नये.

फिनलंडमध्ये तर मुले सातव्या वर्षी पहिलीत जातात. त्यांचे काय होणार, देव जाणे!

सबब, निर्णयापूर्वी आई-वडिलांनी सकाळचा एक तास कॉन्व्हेंटात आणि एक तास अंगणवाडीत नुसते बसावे. मुले किती बोलतात आणि बाई किती बोलते, रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते, खेळणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात, एवढेच पाहावे. कपाटाला कुलूप अंगणवाडीत दिसले, तर व्हॅनचे भाडे भरण्याआधी किल्ली मागावी. आणि सेविकेला नोंदींतून वेळ मिळत नसेल, तर हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी मांडावा. चार पालकांच्या सह्या पुरेत.

कळावे,
एक हितचिंतक