कोर्ट मानायचं, पण एकाच बाजूने

ईडीचं समन्स येतं. माणूस कार्यालयात जातो, अधिकाऱ्यासमोर बसतो. न्यायाधीश नाही, पिंजरा नाही, पुकारा नाही. तरी कायद्याच्या लेखी तिथे ‘न्यायिक कार्यवाही’ चालू असते, कारण मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचं कलम ५० म्हणतं की ती तशी ‘मानली जाईल’.

न्यायिक कार्यवाही म्हणजे ज्या कामात शपथेवर पुरावा घेता येतो ते काम. १९७३ च्या फौजदारी संहितेत ही व्याख्या होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब त्यात बसत नाही. त्यावर सहीसुद्धा घ्यायची नसते. म्हणून मग एकेका कायद्यात ‘मानली जाईल’ हे शब्द येतात. प्रश्न एवढाच, की कशापुरती मानायची?

ईडीपुढे ती मानली जाते जुन्या दंडसंहितेच्या दोन कलमांपुरती. १९३, म्हणजे खोटी साक्ष: सात वर्षं. आणि २२८, म्हणजे बसलेल्या अधिकाऱ्याचा अपमान: सहा महिने. दोन्ही फटके समोरच्यालाच.

आता आपल्या महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता बघा, १९६६ ची. तहसीलदारासमोरची चौकशीही न्यायिक कार्यवाही मानली जाते, पण तिच्या कलम २३७ मध्ये १९३ आणि २२८ यांच्यामध्ये आणखी एक आकडा आहे: २१९. चौकशी करणाऱ्यानेच भ्रष्ट हेतूने, जाणूनबुजून बेकायदा निर्णय दिला तर त्यालाही सात वर्षं. शिवाय सुनावणी उघड्यावर झाली पाहिजे आणि पक्षकारांना रीतसर नोटीस गेली पाहिजे. तालुक्याच्या कचेरीत हे किती पाळलं जातं हा वेगळा संताप आहे. पण निदान बोट ठेवायला कलम तरी आहे!

चौकशी आयोगाचंही तसंच. १९५२ च्या कायद्याने तिथलं कामकाज न्यायिक मानलं, पण कलम ६ ने साक्षीदाराला कवचही दिलं: तिथे दिलेलं उत्तर खोट्या साक्षीचा खटला सोडून त्याच्यावर उलटवता येत नाही. ईडीला दिलेला जबाब मात्र देणाऱ्याविरुद्धच पुरावा म्हणून उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या विजय मदनलाल निकालात कलम ५० वैध ठरवलं. २०२४ मध्ये, कोठडीतल्या माणसाने ईडीला दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध चालणार नाही, असं सांगून थोडी वाट मोकळी केली. कोठडीबाहेरच्याचं काय?

सत्य शोधायला शपथेचा धाक हवा, हे मला मान्य आहे. पण धाक दोन्ही खुर्च्यांना हवा. २१९ आता न्याय संहितेत २५७ आहे. संसदेने तो आकडा कलम ५० ला जोडावा, आणि जबाब देताना वकील शेजारी बसवण्याचा हक्क द्यावा.