जिगवाले काका

मुलुंड-भांडुपच्या जुन्या सोसायट्यांत एखादा तरी निवृत्त टूलरूमवाला सापडतोच. एलबीएस रोडवरचा त्याचा कारखाना जाऊन तिथे टॉवर आला, तरी ह्याच्या खिशातला व्हर्नियर काही निघत नाही. काम कुणीही करील. काम धरून ठेवणारी जिग बनवायला अक्कल लागते, हा त्याचा धर्म.

आमच्या बिल्डिंगमधले काका ह्याच पंथाचे. २०२४ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून नेमबाजीचं ब्राँझ आणलं आणि काकांच्या पुतण्यानं कुठूनतरी सेकंडहँड एअर रायफल. बंदूक म्हटल्यावर सेक्रेटरी दचकले. १७७ बोअर, २० ज्यूलच्या आत, परवाना लागत नाही, असं काकांनी त्यांना जिन्यातच ऐकवलं.

दस्ता ओरखडलेला, मुठीवरचं चेकरिंग झिजून सपाट. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, जरा पॉलिश करून द्याल?"

"ते होईल रे. आधी धरायचं कशात, ते बोल!"

प्रश्न रास्त होता. शेगड्यात आवळला तर लाकूड दबतं, मांडीवर घेतला तर हलतो. चेकरिंग म्हणजे इंचाला वीसेक तिरक्या खाचा आणि त्यांना छेदणाऱ्या तितक्याच. एक घसरली की सगळ्या शंकरपाळ्या वाकड्या. म्हणून दस्ता लेथसारखा दोन सेंटरमध्ये धरायचा. हात सरळ चालवायचा, गोलाई येईल तसा दस्ता फिरवायचा.

झालं. पलंगाची सागवानी पाटी गेली. पंख्याचं ६२०२ बेअरिंग निघालं. जबड्यांना चामडं हवं, तेव्हा काकूंची पर्स 'नाहीतरी जुनीच' ठरली. बोल्टसाठी काका मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले.

"अहो, बोल्ट मुलुंडला मिळत नाहीत?"

"मिळतात. पण पिच सांगितला की दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो."

बोल्ट आले तोवर पाऊस लागला. पावसात फ्रेंच पॉलिश पांढुरकं पडतं, ओल लाखेत अडकते. हे शंभर टक्के खरं. पण इतक्या आनंदानं ते सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कारण आता जिगला कोन मोजायची चकती बसवायला गणपतीपर्यंत सवड होती. नंतर ती दसऱ्यापर्यंत वाढली. पुतण्या क्लबच्या रायफलवर स्पर्धा खेळून आला, तिकडे काकांचं लक्षही नव्हतं.

दस्त्याचं काम मात्र दोन संध्याकाळींत उरकलं. ओलं फडकं फिरवून लाकडाचे केस उभे केले, पेपर मारला, खाचा पुन्हा धारदार केल्या, पॉलिश चढवलं. विकतच्या नव्या रायफलीला नसेल असा दस्ता! पाहुण्यांना काका दाखवतात ती अर्थात जिग. दस्ता पुतण्या घेऊन गेला, हेही त्यांना आठवून सांगावं लागतं.

असे काका तुमच्या बिल्डिंगमध्ये असतील, तर काम बेलाशक द्या. तारीख विचारू नका, आणि आधी घरातला सागवानी पलंग मोजून ठेवा.