रीडिंगवाले नाना

नाना वीज खात्यात मीटर रीडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रीडिंग घ्यायची हौस काही फिटली नाही. आता ते सोसायटीतल्या कॉम्प्युटरांचं रीडिंग घेतात. गळ्यात चष्मा, बगलेत डायरी, खिशात पेनड्राइव्ह आणि त्यात सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो असली पाच-सहा सॉफ्टवेअर. "नाना, आमचा पीसी जरा हळू..." एवढं म्हणायचा अवकाश, नानांच्या चपला तुमच्या दाराशी निघालेल्या असतात.

सिद्धांत एकच: "आकडा बोलतो, आपण ऐकायचं."

आमच्याकडे आकडा बोलला तो १२७ अंश. "स्विच बंद करा!" नाना ओरडले. बायकोने ताप बघावा तसा कॅबिनेटवर तळहात ठेवला. "नाना, गार आहे हो."

"वहिनी, हाताचं कॅलिब्रेशन झालेलं नसतं."

खरं तर यात सॉफ्टवेअरचाही फारसा दोष नाही. मदरबोर्डवरच्या देखरेख करणाऱ्या चिपला बरेच सेन्सर जोडायची सोय असते. बोर्ड बनवणारा त्यातले दोन-तीनच जोडतो, आणि कुठला कशाचा हे सहसा कुणाला सांगत नाही. उरलेली टोकं मोकळीच. तिथून कधी उणे काहीतरी येतं, तर कधी त्या चिपच्या मोजणीतला सगळ्यात मोठा आकडा: १२७. मी हे सांगू लागलो, तर नाना म्हणाले, "जोडलेलंच नाही, तर रीडिंग आलं कुठून?" आणि उत्तराची वाट न बघता व्होल्टेजकडे वळले.

तिथे बाराच्या जागी आठ. बारा व्होल्ट त्या चिपला झेपत नाहीत, म्हणून रेझिस्टर लावून कमी करून देतात. किती पटीने कमी केले, हे सॉफ्टवेअरला पुष्कळदा अंदाजानेच धरावं लागतं. नानांनी मल्टिमीटर लावला. १२.१. क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "याचा सेल उतरलाय."

तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या मॅडमची हार्ड डिस्क तर सहा लाख दहा हजार तास चाललेली निघाली. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्यावहिल्या हार्ड डिस्कच्या बरोबरीची! काही डिस्क तासांऐवजी मिनिटं मोजतात आणि सॉफ्टवेअर ती तास समजून वाचतं, एवढीच गोष्ट. नानांनी मॅडमना हळूच विचारलं, "सेकंडहँड घेतली होती का?"

पण नाना खरे दुखावले ते मदरबोर्डच्या सीरियल नंबरवरून. तिथे नंबरच नव्हता, 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं लिहिलेलं होतं. कारखान्यात भरायची जागा तशीच राहून गेलेली. असं बऱ्याच बोर्डांवर असतं. पण रकाना रिकामा ठेवून माल बाहेर सोडायचा? नानांनी कंपनीला रीतसर पत्र धाडलं: 'उपरोक्त रकाना भरलेला नाही, तरी पूर्तता करून कळवावे.' पोच अजून आलेली नाही.

त्यांच्या पुतण्याने एकदा सांगितलं, की २०१७ साली एएमडीने रायझन १८००एक्सच्या तापमानात मुद्दाम वीस अंश मिळवून दाखवले होते, पंख्यांचं गणित सगळ्या प्रोसेसरांना सारखं राहावं म्हणून. नाना ताडकन उठले. "मीटरमध्ये फेरफार? गुन्हा आहे हा!" त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला.

एवढं सगळं असूनही लोक नानांनाच बोलावतात, आणि त्याला कारण आहे. रीडिंग कसंही येवो, नाना कॅबिनेट उघडतात. रंगाच्या जुन्या ब्रशने पंख्यातली धूळ काढतात, सैल वायरी दाबून बसवतात, रॅम काढून पुसून परत लावतात. आमचा पीसी त्या दिवसापासून आवाज न करता चालतोय. १२७ मात्र १२७च. "मग आधी किती असेल, विचार करा!" नाना म्हणाले आणि डायरीत तारीख घालून सही केली. पैसे घेत नाहीत, देऊ केले तर रागावतात.

तेव्हा तुमच्याही पडद्यावर असला आकडा दिसला तर आधी कॅबिनेटला हात लावून बघा, आणि मग खुशाल नानांना बोलवा. फक्त चहा सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आत द्या, नंतर तो कपातच गार होतो.