भंगारचक्राचा पंचनामा

आमच्या नाशिक शहरात अलीकडे ज्या विद्वज्जनांची आवक हंगामातल्या द्राक्षांच्या आवकेशी स्पर्धा करू लागली आहे, त्यांत चक्रीय अर्थव्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांचा मान सर्वांत वरचा आहे. वस्तू घडवावी, वापरावी आणि फेकून द्यावी, ही आजवरची सरळ रेषा आता शास्त्रबाह्य ठरली असून, तिचे टोक वाकवून ते पुन्हा आरंभाशी नेऊन जोडले, म्हणजे पृथ्वीच्या पोटातील खनिजे, नदीतील पाणी आणि भागधारकांचा लाभांश या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अक्षय राहतील, असा या संप्रदायाचा सिद्धांत आहे. सिद्धांत निर्दोष आहे. वातानुकूलित सभागृहात बसून, समोरच्या पडद्यावर हिरव्या बाणांचे वर्तुळ फिरत असताना आणि मागच्या बाजूस भोजनाची भांडी मांडल्याचा मंजुळ नाद होत असताना तो ऐकला, म्हणजे त्यात खोट काढण्याची बुद्धी कोणाही सज्जनास होत नाही.

आमची अडचण एवढीच की, पडद्यावरचे ते वर्तुळ या शहरात कोणाच्याही मार्गदर्शनावाचून फार पूर्वीपासून फिरत आले आहे, आणि ते मोडून काढण्यासाठी महानगरपालिकेला पोलीस बंदोबस्तासह जेसीबी न्यावे लागले आहेत. अंबड आणि सातपूर या दोन औद्योगिक वसाहतींना जोडणाऱ्या लिंक रोडच्या कडेने वसलेला भंगार बाजार हा कोणत्याही शासकीय योजनेचा परिपाक नव्हे. त्याचे भूमिपूजन झाले नाही, त्याला कोणा पुढाऱ्याचे नाव मिळाले नाही, आणि त्याच्या उद्घाटनाची कोनशिलाही नाही, जी पुढेमागे भंगारात निघाली असती. तरीही एका अंगाला मोटारी, इंजिनांची उपकरणे व विजेचे सामान घडवणारे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या, यांच्यामधला जो दुवा तज्ज्ञ मंडळींना आपल्या आकृतीत तुटक रेषेने दाखवून वेळ मारून न्यावी लागते, तो दुवा येथे वजनकाटा घेऊन, बनियनवर, सकाळी आठपासून बसलेला असे.

या बाजारातल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीवरची जळालेली मोटार येऊन पडते, तेव्हा पुढे काय घडते, हे शाश्वत विकासाच्या अभ्यासकांनी एकदा उकिडवे बसून पाहण्याजोगे आहे. कामावरचा पोरगा छिन्नी आणि घण घेऊन आधी बिडाचे कवच फोडतो, कारण बिडाचा भाव निराळा आणि पोलादाचा निराळा. मग शाफ्ट एका ढिगात, बेअरिंग दुसऱ्या ढिगात, मागचा पंखा तिसऱ्यात टाकून तो आतल्या गुंडाळीला हात घालतो आणि आतड्यासारखी तार ओढून बाहेर काढतो. ज्या खिळ्या-स्क्रूच्या कुळशीलाविषयी शंका असेल त्याला खिशातले लोहचुंबक लावून बघतो, आणि तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर तुकडा ग्राइंडरवर धरून ठिणगीवरून धातूची जात सांगतो. ‘शेठ, तांब्याची म्हणून घेतली, पण आत ॲल्युमिनियमची वाइंडिंग निघाली,’ हे जे एक वाक्य तो मान वर न करता उच्चारतो, त्यात धातुशास्त्र, मूल्यनिर्धारण आणि मोटार विकून गेलेल्या गृहस्थाच्या सचोटीचे परीक्षण हे तीनही विषय उरकलेले असतात. सायंकाळी लोखंड ट्रकमध्ये भरले जाते. ते जालन्याच्या भट्ट्यांत वितळून त्याची सळई होते आणि ती सळई गंगापूर रोडवरच्या एखाद्या ‘निसर्गसान्निध्यातील’ गृहसंकुलाच्या खांबांत येऊन मुरते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून निघालेल्या ठिबकच्या फाटक्या नळ्यांनाही अशीच गती मिळते. मालेगावकडच्या कारखान्यांत त्या दळल्या जातात, त्यांचा दाणा होतो, दाण्याचा पाइप होतो, आणि तोच माल नवे नाव धारण करून पुन्हा शेताच्या बांधावर हजर होतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर कोणीही ‘वर्तुळ पूर्ण झाले’ असे म्हणून टाळ्या वाजवीत नाही. रोकड मोजली जाते.

असा हा बाजार जानेवारी 2017 मध्ये, महापालिकेची निवडणूक महिन्यावर आलेली असताना, मोठ्या बंदोबस्तात भुईसपाट करण्यात आला. शेकडो दुकाने गेली. शहराने सुस्कारा सोडला, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, आणि यथावकाश बाजार होता तेथेच पुन्हा उभा राहिला. म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये तोच बंदोबस्त, तीच यंत्रे आणि तोच निर्धार घेऊन महापालिकेने तो पुन्हा पाडला. ज्या नगरीत कोणतेही काम दुसऱ्यांदा तितक्याच उत्साहाने होत नाही, तेथे हे सातत्य कौतुकास्पद आहे, आणि चक्रीयतेचा याहून शुद्ध प्रयोग कोणत्याही उद्योगसमूहाने अद्याप आपल्या अहवालात नोंदवलेला नाही. त्यातही एक बारकावा आहे, जो पंचनामा लिहिणाऱ्या लिपिकाच्या नजरेतून निसटला असावा. भंगाराच्या दुकानाचे छप्पर पत्र्याचे असते, आणि ते पाडले की त्या क्षणापासून तो पत्राही भंगारच असतो. तो विकायचा झाल्यास गिऱ्हाईक कोण, हे नाशिककरास सांगण्याची गरज नाही.

येथे न्यायबुद्धीस स्मरून महापालिकेची कैफियतही रुजू करून घेतली पाहिजे, कारण भंगारवाल्यांची गाथा गाण्याची हौस आम्हांस नाही. बाजार अनधिकृत होता, हे निर्विवाद. तेथे तारांवरचे प्लास्टिक जाळून तांबे मोकळे करण्याची जी सोपी रीत होती, तिचा काळा धूर आसपासच्या वसाहतींतील मुलांच्या छातीत जात होता; गळक्या पिपांतले तेल जमिनीत मुरत होते; आगी लागत होत्या; आणि चोरीचा माल जिरवण्यासही तेथे जागा सापडते, ही तक्रार पोलिसांपासून कारखानदारांपर्यंत सर्वांच्या तोंडी होती. ज्या रहिवाशांनी या बाजाराविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज आणि खेटे घातले, त्यांना आम्ही निसर्गद्रोही म्हणू शकत नाही. त्यांच्या घराच्या खिडकीत उभे राहिलो असतो तर अर्जावर आमचीही सही असती. परंतु एवढे सगळे मान्य केल्यावर, कारखान्यांना भूखंड, कारखानदारांना वसाहती, वसाहतींना रस्ते आणि रस्त्यांना पुन्हा रुंदीकरण मंजूर करणाऱ्या सरकारला, कारखान्यांतून निघणारा निरुपयोगी माल मावेल अशी चार एकर रीतसर जागा, फरशी, निचरा आणि धूर न करता तार सोलणारी दोन यंत्रे आधी देऊन मग जेसीबी पाठवण्याचा क्रम का सुचू नये, असा प्रश्न मनात येतो. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा माल घडवण्यासाठी जमीन लागते हे सर्वांस ठाऊक होते. घडवलेला माल उलट पावली परत येताना त्यालाही जमीन लागते, ही वार्ता अद्याप दफ्तरी पोहोचलेली दिसत नाही.

जमिनीच्या जागी सरकारने कागद दिला, आणि कागदाचे कार्य मात्र कौतुकास्पद तपशिलाने पार पाडले. प्लास्टिकची वेष्टने बाजारात आणणाऱ्या उत्पादकांनी तितके प्लास्टिक परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावावी, असे फर्मान 2022 साली सविस्तर निघाले. प्रत्यक्ष गोळा करण्याची तसदी ज्यांना घ्यावयाची नसेल, त्यांनी पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे, अशी सोयही त्यात ठेवण्यात आली. पुढल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांहून अधिक प्रमाणपत्रे बनावट निघाली. ती निर्माण करणारे चार कारखाने गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांतले होते. ज्यांनी प्लास्टिकला हातही न लावता त्याचे पुनर्चक्रण करून दाखवले, त्यांच्या प्रतिभेपुढे आमच्या लिंक रोडवरचा छिन्नीवाला पोरगा अगदीच अडाणी ठरतो. त्याला एक किलो तांबे विकण्यासाठी अजूनही एक किलो तांबे काढावेच लागते.

पोलादाच्या बाबतीत 1 एप्रिल 2025 पासून असेच नियम अमलात आले असून, वाहने बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जुन्या, आयुष्य सरलेल्या वाहनांतले पोलाद परत मिळवल्याचा हिशेब द्यावयाचा आहे. पहिल्या टप्प्यात त्यांच्यावर किमान 8 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. मोटारी घडवणारे हे शहर असल्याने आम्हांस या आकड्याचा विशेष अभिमान वाटावयास हवा. आमच्या पाहण्यात मात्र आजवर असा एकही खटारा आलेला नाही, की जो मोडीत गेला आणि त्यातले फक्त आठ टक्के लोखंड विकून उरलेले ब्याण्णव टक्के भंगारवाल्याने धर्मार्थ सोडून दिले. पण नोंद नसलेले शंभर टक्के आणि नोंद असलेले आठ टक्के, यांत श्रेष्ठ कोण, हे ठरवण्याचा अधिकार लेखापरीक्षकाचा आहे. लोखंडाला कोणी विचारलेले नाही.

भांडवली बाजारातील अग्रगण्य एक हजार कंपन्यांना सेबीच्या आज्ञेने 2022-23 या आर्थिक वर्षापासून उत्तरदायित्व आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल सक्तीचा झाला आहे, आणि त्यात आपण कच्च्या मालापैकी किती माल पुनर्वापरातून घेतला, याचाही रकाना आहे. हे अहवाल आम्ही श्रद्धेने चाळतो. सत्यनारायणाच्या पोथीप्रमाणे त्यांचे पारायण वर्षातून एकदा होते, कथा दरवर्षी तीच असते, साधुवाण्याची नौका प्रत्येक वेळी वेलीपानांतून पुन्हा धनाने भरते, आणि उपस्थितांचे लक्ष प्रसादाकडे असते. त्या गुळगुळीत पानांवर हातात रोपटे धरलेली बालके असतात, पवनचक्क्या असतात, हसतमुख महिला कामगार असतात. हातात छिन्नी धरलेला मनुष्य आम्हांस त्यांत अद्याप आढळला नाही.

मात्र सरकारचे एक खाते असे आहे की जे या माणसाला नेमके ओळखते. 10 ऑक्टोबर 2024 पासून, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतल्यास त्यावरचा वस्तू व सेवा कर खरेदी करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरावा, असा नियम झाला. म्हणजे नगरविकासाच्या लेखी जो अस्तित्वातच असता कामा नये, पर्यावरणाच्या संकेतस्थळावर ज्याला नाव नोंदवण्यास जागेचा उतारा आणि प्रदूषण मंडळाची संमती नाही, तोच इसम कर खात्याच्या कलमात उलट्या दाराने का होईना सन्मानपूर्वक प्रवेश करता झाला.

जुन्या नाशकात हा व्यवहार इतका गुंतागुंतीचा नव्हता. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या आमच्या तांबटांकडे नवा हंडा घ्यावयास जाणारी गृहिणी जुनी फुटकी कळशी बरोबर नेत असे. मोडीचे वजन होई, ते वजा करून घडणावळ आणि फरक तेवढा द्यावा लागे, आणि आजीच्या लग्नातली कळशी नातीच्या लग्नात घागर होऊन उभी राही. दारावर येणारी बोहारीण जुन्या लुगड्यांवर स्टीलचे पातेले देताना जी घासाघीस करी, तिच्यापुढे आजच्या पुरवठा-साखळीच्या व्यवस्थापकांनी शिकवणी लावावी. त्या व्यवहारात लबाडी नव्हती असे नाही. बोहारणीला फसवल्याचे समाधान घेऊन आत येणाऱ्या कितीतरी काकू आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्या प्रत्येक वेळी फसलेल्या होत्या.

द्राक्षांचा मामला निराळा. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट शेतकऱ्याने रंगाने आपले नाव घालून आणलेले असतात, ते रिकामे होऊन त्याच गाडीतून परत जातात आणि हरवले तर भांडण होते. पण तेथून काही कोसांवर पिकलेली निर्यातीची द्राक्षे ज्या नाजूक पारदर्शक डब्यांत बसून नेदरलँड्सला जातात, ते डबे परत येत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी भांडतही नाही. आता युरोपीय संघाचे वेष्टनांविषयीचे नवे नियम ऑगस्ट 2026 पासून लागू व्हावयाचे असल्याने, डबा कशाचा असावा, हे निफाडच्या बागायतदारास ब्रुसेल्सहून कळेल. पिंपळगावचा क्रेट ब्रुसेल्सला दाखवावा, असे कोणास सुचेल असे वाटत नाही.

महापालिकेला चक्रीयतेचे वावडे आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. जर्मनीच्या साहाय्याने तिने 2017 सालीच, म्हणजे भंगार बाजार पहिल्यांदा पाडला त्याच वर्षी, उपाहारगृहांतील खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून त्यापासून वीज करण्याचा प्रकल्प सुरू केला. कल्पना उत्तम आहे, आणि ज्याने नाशिकची मिसळ खाल्ली आहे त्यास तिच्या अंगच्या ऊर्जेविषयी शंका येणार नाही. फरक इतकाच की, त्या चक्राला परदेशी सनद होती, करारनामा होता, फीत होती. लिंक रोडवरच्या चक्राला फक्त गिऱ्हाईक होते.

आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि तो पर्यावरणपूरक करण्याचा संकल्प सर्व स्तरांवर सोडण्यात आलेला आहे. साधुग्रामासाठी पत्र्याचे मंडप उभे राहतील, तात्पुरत्या शौचालयांच्या रांगा लागतील, नळांची वेटोळी आणि विजेच्या तारांची भेंडोळी तपोवनापासून त्र्यंबकच्या रस्त्यापर्यंत पसरतील. निविदांमध्ये हे सर्व कसे उभारावे याची कलमे नेहमीप्रमाणे तपशीलवार असतील. शेवटची पर्वणी होईल, आखाडे उठतील, मंत्रिमहोदय कृतकृत्यतेची पत्रकार परिषद घेऊन मुंबईस परततील, आणि मैदान मोकळे करून देण्याच्या मुदतीचे चार दिवस उरले असताना ठेकेदाराचा मुनीम त्या अस्ताव्यस्त पसाऱ्यात उभा राहून खिशातून मोबाइल काढील. तो फोन कोणा शाश्वतता-सल्लागारास जाणार नाही. लिंक रोडवरच्या ओळखीच्या शेठना तो आधी तांब्याचा भाव विचारील, आणि मग गाडी कधी पाठवता म्हणून विचारील.