लेखनसंस्करणाचा कालनिर्णय : रेणापूर तालुक्यापुरते मार्गदर्शन

लिहून झालेल्या मजकुरावर पुन्हा हात फिरवणे, म्हणजे शब्द बदलणे, वाक्ये गाळणे आणि गाळलेली वाक्ये दुसऱ्या दिवशी हळूच परत आणणे, यास प्रस्तुत विवेचनात ‘संस्करण’ म्हटले असून, त्यासाठी किती वेळ खर्चावा याचा विचार येथे रेणापूर व पंचक्रोशीतील लेखकांच्या सोयीसाठी केला आहे. या विषयातील थोर दाखल्यांसाठी मराठवाड्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकला करणाऱ्यांच्या हातून जे अपपाठ, म्हणजे मूळ शब्दांच्या जागी शिरलेले भलतेच शब्द, साचले होते, ते पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये निवडून काढले; अर्थात रचना आणि संस्करण यांमध्ये २९४ वर्षे गेली. एवढी मुदत दिवाळी अंकाचे संपादक सहसा मंजूर करीत नाहीत. तथापि अभ्यासकाने मुदतीपेक्षा नाथांचे पथ्य ध्यानात घ्यावे, कारण शुद्ध केलेल्या पाठात पुढे कोणी आपली ओवी घुसडू नये असे त्यांनी बजावून ठेवले आणि तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणे होय, असे मानले. तालुक्यातील हौशी लेखक मात्र संस्करणास बसतात ते काढण्यासाठी नव्हे, घालण्यासाठी; त्यामुळे दोन पानांचा लेख तिसऱ्या वाचनाअखेर पाच पानांचा होतो आणि वाढलेल्या तीन पानांत ‘वास्तविक पाहता’ याखेरीज नवे फारसे आढळत नाही. सबब ज्या बैठकीत मजकूर कमी झाला नाही, ती बैठक संस्करणात न धरता लेखनातच जमा करावी.

दुसरे टोक शेजारच्या अंबाजोगाईस सापडते. तेथील दासोपंतांनी (१५५१–१६१५) गीतेवर ‘गीतार्णव’ नावाचा ग्रंथ रचला, त्याच्या ओव्या सवा लाख मानल्या जातात, आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे अशी आख्यायिका आहे. एवढ्या शाईत खाडाखोडीचा वाटा किती होता हे आख्यायिका सांगत नाही. याच दासोपंतांनी ‘पंचीकरण’, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे विवेचन, पासोडीवर म्हणजे जाड कापडावर लिहिले. कापडात मुरलेले अक्षर खोडता येत नसल्याने असे लिहिणाऱ्याला संस्करण आधीच, मनातल्या मनात, उरकावे लागते. यावरून निघणारा सिद्धांत असा की, संस्करणाचा वेळ लेखकाच्या असमाधानावरून न ठरवता, मजकूर उमटल्यावर तो मागे घेणे किती अवघड आहे यावरून ठरवावा.

या सिद्धांतानुसार कवितेचे संस्करण कितीही वर्षे चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण तिची वाट पाहणारे कोणी नसते. तहसील कचेरीत द्यावयाच्या अर्जाची गोष्ट वेगळी आहे. ‘वरील विषयास अनुसरून’ हा भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्करणातून तावून सुलाखून निघालेला असल्याने त्याला हात लावू नये व सर्व वेळ सातबाऱ्यावरील गट क्रमांक ताडून पाहण्यात घालवावा. त्यातील एक आकडा चुकला की अर्जदार आपल्या बुडालेल्या सोयाबीनऐवजी शेजाऱ्याच्या सोयाबीनची नुकसानभरपाई मागू लागतो. प्रत्यक्षात अर्जदार हा वेळ शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहावे की ‘आपला नम्र’ या विचारात घालवतात.

सर्वाधिक वेळ मात्र बसस्थानकाजवळ लागणाऱ्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला द्यावा. त्यावरील वाङ्मय चार शब्दांचे असले तरी खाली शुभेच्छुकांची नावे असतात, आणि त्यांत कोणाचा फोटो कोणाच्या वर, कोणाच्या नावापुढे ‘मा.’ व कोणाच्या पुढे नुसते ‘श्री.’, हे प्रश्न कोणत्याही पाठभेदाहून, म्हणजे प्रतीप्रतींतील फरकाहून, नाजूक असतात. फ्लेक्सवाला रात्री साडेदहाला मोबाईलवर प्रूफ पाठवतो व ‘ओके का?’ एवढेच विचारतो. त्यावर लगेच अंगठा पाठवू नये, तर प्रूफ बोटांनी मोठे करून नावे मोठ्याने वाचावीत, घरातील एखाद्या जाणत्या माणसाकडून भावकी मोजून घ्यावी आणि मगच संमती द्यावी. इतके करूनही एखादे नाव राहतेच. पण त्या संस्करणासाठी वेगळा वेळ काढून ठेवण्याचे कारण नाही, कारण संबंधित गृहस्थ सकाळी सात वाजता स्वतःच दारात येतात आणि फ्लेक्सवाला पट्टी चिकटवण्याचे पैसे निराळे घेतो.