उतरणार का?

जहाजात चढून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. हातात सरबताचे ग्लास होते, खाली फोर्ट लॉडरडेलचं बंदर उन्हात चमकत होतं आणि ताई फोटोसाठी पदर सारखा करत होती. तेवढ्यात भाऊजींनी वेटरला गाठलं आणि विचारलं, "उतरताना दार कुठल्या बाजूला येतं?"

वेटर मडगावचा निघाला. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्यांतला, बोटीवर बारा वर्षं काढलेला. तो शांतपणे म्हणाला, "काका, उतरायचं पुढल्या रविवारी. सात दिवस जेवा तरी."

भाऊजींचा दोष नाही. डोंबिवली ते दादर त्यांनी एकतीस वर्षं फास्ट लोकलने केलं आहे. दादरला उतरायचं तर घाटकोपर गेल्यावर हालचाल सुरू करावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. भाऊजी ठाण्यालाच सुरू करतात. पुढच्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवायची आणि विचारायचं, "दादर उतरणार का?" तो नाही म्हणाला की त्याच्या पुढे सरकायचं. या एका प्रश्नावर त्यांची नोकरी झाली, संसार झाला. लग्नाच्या पंगतीतून ते मठ्ठा यायच्या आत उठतात, आणि नाट्यगृहात शेवटच्या प्रवेशाला त्यांच्या पायांत चपला असतात. अशी माणसं तुमच्याही घरात असतील. त्यांना पोचण्याची घाई नसते, त्यांना फक्त अडकायचं नसतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. भाऊजी आणि ताई व्हिजिटर व्हिसावर आले होते. सात दिवसांची कॅरिबियन क्रूझ मी भेट म्हणून काढली, तेव्हा भाऊजींचा पहिला प्रश्न होता, "परत शिरताना कस्टमला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ती चूक झाली. 'सांगता येत नाही' हे वाक्य भाऊजी आमंत्रण समजतात.

आता त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. जहाज पहाटे धक्क्याला लागतं, पण लागलं म्हणजे उतरलो असं नसतं. धुकं असलं तर बंदराबाहेरच थांबावं लागतं. हिवाळ्यातल्या रविवारी शेजारीपाजारी आणखी जहाजं लागलेली असतात, म्हणजे काही हजार माणसं एकाच सकाळी बाहेर पडणार. त्यात अधिकारी कमी असले किंवा आपला पासपोर्ट परदेशी असला, तर रांग आणखी रेंगाळते. म्हणून क्रूझ कंपन्याच बजावतात, की त्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका, दुपारच्या सुमाराचं घ्या. भाऊजींनी मला साडेतीनचं घ्यायला लावलं. बंदर ते विमानतळ टॅक्सीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, हे मी नकाशावर दाखवलं. ते म्हणाले, "नकाशात रांग दिसते का?"

मग तयारी. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाच्या तीन-तीन प्रती, त्यांतली एक लॅमिनेट केलेली. व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, हे भिंग लावून दोनदा पाहिलेलं. वाटेतल्या कोझुमेल बंदरात ताईने व्हॅनिलाची बाटली आणि चांदीचे कानातले घेतले, त्यांच्या पावत्या रबरबँड लावून. अमेरिकेत राहणाऱ्याला माणशी आठशे डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय आणता येतो, पाहुण्यांचा हिशेब वेगळा. कानातले बत्तीस डॉलरचे होते आणि ताईच्या कानातच होते. तरीही पावतीच्या मागे भाऊजींनी रुपयांतली किंमत लिहून ठेवली. का, ते विचारायचं नाही.

शेवटच्या रात्रीचा रिवाज असा, की बॅगांना नंबराची रंगीत चिठ्ठी बांधायची आणि अकराच्या आत त्या खोलीबाहेर ठेवायच्या. रात्रीत खलाशी त्या नेतात आणि सकाळी टर्मिनलमध्ये नंबरवार मांडतात. भाऊजींना हे ऐकून घाम फुटला. "रात्रभर बॅग पॅसेजमध्ये? कल्याणला फलाटावर ठेवशील?" सुदैवाने दुसरीही सोय असते. आपलं सामान आपणच ओढत न्यायचं, म्हणजे सगळ्यांच्या आधी सोडतात. ही सोय भाऊजींसाठीच काढली असावी.

रविवारी पहाटे सव्वापाचला त्यांनी आमचं दार वाजवलं. लिफ्टपाशी बॅगांचा डोंगर, म्हणून नवव्या मजल्यावरून चौथ्यावर जिन्याने. एकेका पायरीवर चाकांचा खडखडाट. सहाला आम्ही दाराजवळ उभे होतो, आणि दार बंद होतं. पुढे एक धिप्पाड टेक्सासकर होता, काउबॉय हॅट घातलेला. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, "गेटिंग डाउन?" तो म्हणाला, इथे सगळेच उतरणार आहेत, सर. उतरायच्या दारात सगळेच उतरणारे, ही कल्पना भाऊजींना क्षणभर पेलली नाही. त्यात मी सांगितलं, की जुना शेवटचा प्रवासी उतरल्याशिवाय नवा एकही चढू देत नाहीत. ते गदगदले. "हे दादरला केलं असतं ना..." म्हणाले आणि पुढे बोलवेना.

आणि मग काहीच झालं नाही. सातला दार उघडलं. टर्मिनलमध्ये एका कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, तो चेहरा जुन्या फोटोशी ताडून बघतो, झालं. रांग चालता चालता संपली. अधिकारीणबाईंनी पासपोर्ट चाळून विचारलं, "फळं, भाज्या, मांस, बियाणं?" भाऊजी खणखणीत "नो" म्हणाले. लॅमिनेट केलेली प्रत त्यांनी पुढे केली, तिच्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. भाऊजींचा चेहरा, पेपर सोपा गेल्यावर हुशार मुलाचा पडतो, तसा पडला.

दाराच्या अलीकडे एक बीगल कुत्रं हिंडत होतं. कान लोंबते, अंगात निळं जाकीट. ते आलं, भाऊजींच्या खांद्यावरची झोळी हुंगली आणि त्यांच्या पायापाशी गप्प बसलं. भुंकलं नाही, काही नाही. भाऊजी त्याला "चल, चल" म्हणत होते. ही कुत्री अशी बसतात तेच त्यांचं बोलणं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

झोळीतून सफरचंद निघालं. बुफेतलं, कागदी रुमालात नीट गुंडाळलेलं, सोबत स्टीलची छोटी सुरी असती तर सुरीही निघाली असती. जहाजावरचं फळ उतरवायला बंदी असते, हे सात दिवस पाटीवर लिहिलेलं होतं.

"अहो, हे कशाला घेतलंत?" ताई.

"कस्टमला वेळ लागला तर?" भाऊजी.

बाजूच्या टेबलावर चारही बॅगा उघडल्या गेल्या. कानातल्यांची पावती, रुपयांतल्या किमतीसह, वाचली गेली. मेतकुटाच्या पुडीचा वास घेतला गेला. फळ असताना नाही म्हटलं तर दंडही होऊ शकतो. आमच्या बाईंनी वयाकडे पाहून समज देऊन सोडलं. पन्नास मिनिटं गेली. रंगीत चिठ्ठ्यांवर विसंबलेली, आरामात नाश्ता केलेली माणसं एकेक करून आमच्या शेजारून बाहेर पडली. टेक्सासकराने हॅट उचलली.

बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच भाऊजींनी घड्याळ पुढे केलं. "बघ. दहाचं विमान घेतलं असतंस तर?"

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, सामान चार तासांच्या आत आलं तरच घेऊ. आम्ही बॅगांवर बसलो. तासाभराने ताईला भूक लागली. भाऊजी उठले, दुकानातून दोन सफरचंदं घेऊन आले. एक तिला दिलं. दुसरं रुमालात गुंडाळून झोळीत टाकलं.

"न्यूअर्कला बॅगा यायला वेळ लागला, तर असावं."