अमृताचा परवाना

ज्या नगराची स्थापनाच मुळी पेयाचे भांडे फुटल्यामुळे झाली, त्या नगरात पेयगृह काढण्यासाठी सरकारी परवाना का लागावा, असा प्रश्न माझ्या भाच्याने ज्या दिवशी मला विचारला, त्या दिवशी त्याच्या युक्तिवादाचा बिनतोडपणा मला मनोमन मान्य करावा लागला. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजे घालून सोडलेला कुंभ तरंगत तरंगत कावेरीकाठी आला, किराताचे रूप घेतलेल्या शंकरांनी तो बाण मारून फोडला, सांडलेले अमृत महामहम तलावात साचले आणि भिजल्या वाळूचे लिंग होऊन आदिकुंभेश्वर उभे राहिले, अशी कुंभकोणमची स्थलकथा आहे. आणि तीत परवाना, दाखला, अबकारी कर किंवा दुकान बंद करण्याची वेळ यांपैकी कशाचाही उल्लेख आढळत नाही, हे खरे. परंतु शंकरांच्या नंतर राजाजी झाले. त्यांनी १९३७ साली सेलम जिल्ह्यापासून दारूबंदीस आरंभ केला. करुणानिधींनी ती १९७१ मध्ये उठविली आणि अल्पावधीतच पुन्हा लादली. १९८१ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती पुनश्च उठविली. आणि २००३ पासून किरकोळ मद्यविक्रीचा मक्ता 'टास्मॅक' नामक सरकारी महामंडळाकडे आला, तो आजतागायत तेथेच आहे. हा सर्व इतिहास भाच्याने शांतपणे ऐकून घेतला आणि "मामा, पण माझी बिअर ऋतुमानाप्रमाणे बदलणारी आहे," असे उत्तर दिले, जणू अबकारी खात्याची हरकत केवळ एकसुरीपणास होती.

भाचा पुण्याचा. २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने जागेवरच बिअर मुरवून पाजण्याचा उपक्रम सुरू केला, त्यानंतर तशाच प्रकारच्या एका गुत्त्यात (त्याला हा शब्द मान्य नाही) त्याने उमेदवारी केलेली. आणि तेथील ज्ञानाचे सार म्हणून एक काचेचा घनतामापक, एक तापमापक आणि बारा महिन्यांच्या बारा बिअरींचे टाचण घेऊन तो माझ्या सासुरवाडीस येऊन दाखल झाला. माझी सासुरवाडी तंजावरी मराठ्यांची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग या मुलुखात उतरलेली ही मंडळी आजही घरात जी मराठी बोलतात, ती ऐकून पुण्याचा मनुष्य प्रथम हसतो आणि मग वरमतो. मेहुण्यांचे सारंगपाणीच्या देवळाजवळ लहानसे कॉफीचे दुकान आहे, आणि निवृत्तीनंतर गल्ल्यावर बसण्याचे मानाचे व बिनपगारी पद माझ्याकडे आहे. मेहुण्यांनी भाच्याला नकार दिला नाही. त्यांच्या मते राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला आणि त्यांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळली, ती कोणालाही तोंडावर नकार न देता. सबब मेहुण्यांनी रोजकीर्दीत 'बिअर खाते' असे एक पान उघडले, त्यात भाच्याचा प्रवासखर्च नावे टाकला आणि परवान्याचा निकाल लागेपर्यंत त्याला कॉफीकडे लक्ष देण्यास फर्मावले.

एप्रिलात तो आला, ही पहिली अडचण. टाचणात एप्रिल-मेसाठी आंब्याची बिअर होती. रामनवमीला रामस्वामी देवळापाशी गूळ, सुंठ आणि वेलदोड्यांचे पानकम फुकट मिळते. पुढे मेच्या आरंभी अग्निनक्षत्र लागले की गल्लोगल्ली मांडव पडतात आणि त्यांतून नीरमोर, म्हणजे आपले पातळ ताक, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बळेच दिले जाते. ज्या गावात देव स्वतःच्या खर्चाने ग्राहकांची तहान भागवितात, त्या गावात पेयविक्रीचा धंदा करणाऱ्याने बिले कोणाच्या नावे फाडावीत? भाच्याने आंबवण्याचे शास्त्र सांगण्यास आरंभ केला, तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्याच्यासमोर एक लोटा ठेवला. आदल्या रात्री पाण्यात घातलेल्या भाताचे ते पाणी, किंचित आंबलेले, त्यात ताक आणि मीठ, सोबत सोललेले लहान कांदे. कॉफी या प्रांतात येण्यापूर्वी सकाळचे पेय हेच होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीने त्याला घराबाहेर काढले, तेव्हा तमिळ नियतकालिकांतून कॉफीच्या व्यसनावर जी आग पाखडली गेली, तिच्या धगीत आजचा दारूबंदीवालाही शेकून निघेल. भाच्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि यीस्ट कोणते म्हणून विचारले. "कालचा भात," सासूबाई म्हणाल्या.

जूनमध्ये त्याचे मराठी मन पावसाची वाट पाहू लागले. येथे तो येत नाही. आषाढात आभाळ कोरडे ठणठणीत असते, आडी महिन्याचा वारा जातेपाटेही उडवून नेईल असे लोक म्हणतात, आणि त्याच निरभ्र आभाळाखाली एके दिवशी कावेरी दुथडी भरून येते. कारण पाऊस पडलेला असतो कोडगूत, आणि शिरस्त्याप्रमाणे १२ जूनच्या सुमारास मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. कॉफीचे बीही आम्हांला कोडगूहूनच येते. पाणी तेथले, बी तेथले. कुंभकोणमकडून केवळ आत्मविश्वास पुरविला जातो. आडीत लग्ने नाहीत, नवी नवरी माहेरी, बाजारात जिकडेतिकडे सवलतीच्या पाट्या. भाच्याने कॉफीवरही संध्याकाळची सवलत सुचविली. मेहुण्यांनी विचारले, "स्वस्त कॉफी कोण पिईल?" आणि त्या प्रश्नातील तिरस्कार इतका निर्भेळ होता की, मीही गल्ल्यातील सुटे पैसे उगाच पुन्हा मोजू लागलो.

खरा पावसाळा ऐप्पसीत, म्हणजे जेव्हा पुण्यात किल्ल्यांवर मावळे मांडले जातात तेव्हा, बंगालच्या उपसागरावरून येतो. त्या दिवसांत दळलेली पूड दमट होऊन गोळे धरते, पितळी फिल्टरची भोके बुजतात, आणि डिकॉक्शनचा एकेक थेंब सरकारी दप्तरातील कागदाच्या गतीने खाली उतरतो. हिरव्या चाऱ्यामुळे दूध पातळ होते, असे गवळी सांगतो; आणि येथेच भाच्याच्या विद्येने दुकानात प्रथम हात घातला. कुंभकोणमच्या 'डिग्री' कॉफीची सर्वमान्य कथा अशी की, दुग्धमापकाने कसाला लावलेले निर्भेळ दूधच तीत पडे. तो मापक आमच्या दुकानात पिढीजात फळीवर पूजेपुरता उरला होता. भाच्याच्या ध्यानात आले की, त्याचा बिअरचा घनतामापक आणि हा दुग्धमापक एकाच कुळातले. त्याने आपली काच भर दुकानात, गवळी हजर असता, दुधात सोडली. निर्भेळ गाईच्या दुधाची घनता १.०२८च्या वर असावी लागते, काच १.०२०वर जाऊन स्थिरावली. दुकानात कॉफी करणारा मास्टर ती उंचावरून ओतता ओतता, मागे न पाहता, "तांब्याभर पाणी" एवढेच बोलला. तो हे रोज जाणत होता आणि रोज त्या हिशेबाने डिकॉक्शन दाट ठेवीत होता. गवळ्याला मात्र आपली अब्रू काचेने मोजली गेल्याचा संताप आला, आणि त्याने दुसऱ्या दिवसापासून येणे बंद केले.

मार्गळी लागला. पहाटेचा पारा विशीच्या आसपास आला, गावाने माकडटोप्या चढविल्या, आणि भाचा नुसत्या बनियनवर अंगणात तापमापक घेऊन नाचू लागला. कारण एल जातीच्या बिअरला अठरा ते बावीस अंश लागतात, आणि ते कुंभकोणमात वर्षातून याच सुमारास उपलब्ध होतात. बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञा निघाली होती की, २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल याच काळात बिअर करावी, उन्हाळ्यात करू नये. त्या न्यायाने आमच्या वाट्यास एक महिना येतो. परंतु मार्गळी हा परमार्थाचा महिना. पहाटे साडेचारला देवळांतून तिरुप्पावैचे पठण सुरू होते, देवळाचा गरम पोंगल खाऊन भाविक थेट आमच्या दुकानात येतात. निसर्गाने ज्या महिन्यात बिअरला परवानगी दिली, नेमक्या त्याच महिन्यात पंचांगाने गिऱ्हाईक काढून घेतले होते. हे जेव्हा भाच्याच्या ध्यानात आले, तेव्हा त्याने टाचण मिटले आणि इडलीच्या पिठाकडे मोर्चा वळविला, जे थंडीत फुगत नाही म्हणून सासूबाई हैराण होत्या. तापमापकाच्या आधारे त्याने ते चुलीपासून नेमक्या अंतरावर ठेवविले. पीठ फुगले. घरात त्याची प्रतिष्ठाही.

मेहुण्यांची नजर आता २०२८वर आहे. गुरू सिंहेत आला की नाशकास सिंहस्थ भरतो आणि येथे महामहम. बारा वर्षांनी, २०१६ नंतर, पुन्हा लाखो लोक येतील, आणि त्यांना दूध कोठून पुरवावे याची चिंता त्यांना आतापासून आहे. याच चिंतेत ते असता, पोंगलचा सण उलटल्यावर एका सकाळी तोच गवळी ओट्याशी येऊन उभा राहिला. भाच्याला बाजूला घेऊन त्याने दबल्या आवाजात विचारले की, समोरच्या हॉटेलात दूध घालणाऱ्या त्याच्या चुलतभावाचे दूध त्या काचेने गुपचूप मोजून देता येईल काय, आणि मोबदला काय पडेल. सौदा रोज अर्धा लिटर दुधावर ठरला. मेहुण्यांनी त्या दुधाची बाजारभावाने किंमत लावून ती रोजकीर्दीत 'बिअर खाती' जमा धरली. त्या पानावरील ती पहिली जमा.